नव्या शिक्षकाची साडेसाती

शनिशिंगणापूर हें नेवासें तालुक्यांतील गांव दोन गोष्टींमुळें साऱ्या देशास ठाऊक झालें आहे. तेथील शनिदेव मंदिराच्या छपराखालीं न राहतां उघड्या चौथऱ्यावर ऊन, वारा व पाऊस अंगावर घेत उभे आहेत, ही एक. आणि गांवांतील घरांस परंपरेनें दारें व कुलपें नाहींत, ही दुसरी. २०११ सालीं युको बँकेनें त्या गांवीं शाखा उघडली, तेव्हां तिनेंही गांवच्या रीतीस मान देऊन ती बिनकुलपाची ठेविली. आमच्या वाचकांपैकीं अनेक व्यापारी गृहस्थ शनिवारीं किंवा अमावास्येस घोडेगांवच्या फाट्यावरून आंत वळतात, वाटेवरच्या रसवंतींत उसाचा रस घेतात, रुईच्या पानांची माळ व तेल घेऊन चौथऱ्यापाशीं जातात. आणि मागणें बहुतेकांचें एकच असतें, कीं साडेसातीचा फेरा सुखरूप पार पडूं दे. ही श्रद्धा ज्याची त्यापाशीं असो. तिची चिकित्सा करण्याचा आज आमचा विचार नाहीं. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें दुसऱ्याच एका साडेसातीविषयीं. ती आकाशांतील ग्रहानें आणिलेली नाहीं. ती तुम्हीं-आम्हीं मिळून आपल्या मुलांच्या शिक्षकांमागें लाविली आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यांत काय किंवा महाराष्ट्राच्या इतर कोणत्याही जिल्ह्यांत काय, नव्यानें नेमणूक झालेला शिक्षक आपलें गाऱ्हाणें घेऊन एखाद्या जाणत्याकडे गेला म्हणजे त्यास बहुधा एकच उत्तर मिळतें: ‘तीन वर्षें साडेसाती समजा, खालीं मान घालून काढा; एकदां कायम झालां कीं सुटलां.’ सल्ला देणाऱ्याचा हेतु वाईट नसतो. त्यानें स्वतः तसेंच केलेलें असतें. परंतु या सल्ल्यांत एक मोठी चूक दडलेली आहे. ग्रहाची साडेसाती कोणीं लाविली हें विचारण्यास कोठें कचेरी नाहीं. या साडेसातीचें तसें नाहीं. तिचा शासननिर्णय आहे, तिचें साल आहे, तिच्या रुपयांचा हिशेब आहे. जें माणसांनीं कागदावर लिहून अमलांत आणिलें, तें माणसांस पुसतांही येतें. तें दैव म्हणून सोसावें असें सांगणें म्हणजे अन्यायास देवाचें नांव देणें होय.

प्रथम या नव्या शिक्षकाचें चित्र वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. विदर्भांतील किंवा कोंकणांतील एखाद्या खेड्यांतली एक तरुणी आहे असें समजूं. तिनें अध्यापनाची पदविका घेतली, पात्रता परीक्षा दिली, पुढें अभियोग्यता परीक्षा दिली, आणि कित्येक वर्षें जाहिरातीची वाट पाहून शेवटीं ‘पवित्र’ नांवाच्या संगणकीय यादींत तिचें नांव लागलें. नेमणूक आली ती घरापासून शेंकडों मैलांवर, ऊस आणि कांदा पिकविणाऱ्या या मुलुखांत. ती जूनमध्यें येऊन शाळेंत हजर होते. पहिल्याच दिवशीं जो वर्ग कोणासही नको आहे, तो तिच्या वांट्याला येतो. पट मोठा, मुलें तीन इयत्तांचीं, निम्मीं अक्षरओळखीच्या अलीकडचीं. जुने गुरुजी आपापले वर्ग धरून बसलेले असतात. संगणक येतो म्हणून सर्व माहिती भरण्याचें काम तिच्याकडे, मोबाइल नवा आहे म्हणून छायाचित्रें पाठविण्याचें काम तिच्याकडे, वयानें लहान म्हणून पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही तिच्याकडे, आणि अविवाहित असली तर ‘तुम्हांला घरीं काय काम?’ असें म्हणून रविवारचा कार्यक्रमही तिच्याकडेच. भाड्याची खोली शोधावयास गेली तर नांवाच्या आधीं आडनांव आणि आडनांवामागून जात विचारली जाते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं कीं ऊसतोडणी करणाऱ्यांचीं मुलें गांवांत येतात आणि गांवचीं कांहीं मुलें बाहेर जातात. त्या सर्वांचें सर्वेक्षण तिनें करावयाचें, आणि वर्षअखेरीस मुलांस वाचतां येत नाहीं म्हणून जाबही तिनेंच द्यावयाचा.

हें चित्र कोणा एका शाळेचें नाहीं, आणि सर्व शाळा अशाच आहेत असेंही आमचें म्हणणें नाहीं. नव्या सोबत्यास हात देणारे मुख्याध्यापक या जिल्ह्यांत आहेत. परंतु ते भेटले तर तिचें भाग्य, न भेटले तर तिचें दुर्भाग्य, अशी स्थिति आहे. आणि ज्या व्यवस्थेंत न्याय भाग्यावर अवलंबून राहतो, ती व्यवस्था नव्हेच.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. आमचे व्यापारी वाचक तो चट्कन् जाणतील. २००० सालीं महाराष्ट्र शासनानें शिक्षणसेवक योजना सुरू केली. पूर्ण वेतनाचा शिक्षक नेमण्याऐवजीं पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर ‘सेवक’ नेमावा, काम समाधानकारक दिसल्यास मग त्यास शिक्षक म्हणावें, असें तिचें स्वरूप. प्राथमिक शाळेंत आरंभीं हें मानधन महिना ३,००० रुपये होतें. दहा-बारा वर्षांनीं तें ६,००० झालें, आणि तेथेंच पुन्हां वर्षानुवर्षें थांबलें. १ जानेवारी २०२३ पासून तें १६,००० करण्यांत आलें. माध्यमिकास १८,००० आणि उच्च माध्यमिकास २०,०००. ही वाढ झाली याबद्दल आम्ही समाधान मानतों. परंतु ती होण्यापूर्वीं काय चाललें होतें तें विसरतां कामा नये. ६,००० रुपयांचे दिवसाला २०० रुपये होतात. त्याच सुमारास, म्हणजे २०२२-२३ मध्यें, रोजगार हमीवर महाराष्ट्रांत अंगमेहनतीचा दर दिवसाला २५६ रुपये होता. मातीची पाटी उचलणाऱ्याचे श्रम आम्ही तिळभरही हलके मानीत नाहीं. त्याची मजुरीही थोडीच आहे. परंतु त्याच्या मुलास अक्षर शिकविणाऱ्याची किंमत त्याहूनही कमी धरणाऱ्या राज्यानें शिक्षक-दिनाचे हार कोणत्या तोंडानें घालावे?

आजच्या १६,००० रुपयांची गोष्ट घेतली तरी सातव्या वेतन आयोगाप्रमाणें प्राथमिक शिक्षकाचें आरंभींचें मूळ वेतन २९,२०० रुपये आहे, आणि त्यावर महागाई भत्ता निराळा. एकाच शाळेंत, एकाच घंटेला, शेजारशेजारच्या दोन वर्गांत दोघीजणी तेंच पुस्तक शिकवितात. एकीस पूर्ण वेतन आणि दुसरीस तिच्या मूळ वेतनाच्या निम्म्याहून थोडें अधिक. शिवाय नव्या बाईंकडे अवघड वर्ग व कारकुनी हीं दोन्ही आलेलीं असतात, हें वर सांगितलेंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गुजरातेंतील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या दाव्यांत समान कामास समान वेतनाचें तत्त्व उचलून धरिलें, आणि समारंभांत गुरूस ब्रह्मा-विष्णु म्हणून भागत नाहीं, तो भाव वागणुकींतही उतरला पाहिजे, अशा आशयाचे बोल सुनावले. तो दावा महाविद्यालयांचा होता. परंतु बोल ज्यांस लागावयाचे त्या सर्वांस लागतात.

तरीही आमची मुख्य तक्रार पैशाची नाहीं. पैसा थोडा असतांही पाठीवर हात ठेवणारें कोणी असेल तर तरुण माणूस पुष्कळ सोसतो. नव्या शिक्षकाचें खरें दुःख हें, कीं त्यास पहिल्या दिवसापासून एकटें सोडण्यांत येतें. वर्ग ऐकेनासा झाला, एखादें मूल दिवसभर बोलेनासें झालें, पालक शाळेंत येऊन चार लोकांदेखत अद्वातद्वा बोलूं लागले, तर त्यानें कोणाकडे जावें? कागदावर उत्तर आहे. दहाएक शाळांमागें एक केंद्रप्रमुख आहेत. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आहेत. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था संगमनेरास आहे. प्रत्यक्षांत केंद्रप्रमुखांच्या अनेक जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या, आणि ज्या भरल्या त्यांवरील माणसें अहवाल गोळा करण्यांत गुंतलीं. नव्या शिक्षकाचा आणि वरिष्ठाचा संबंध येतो तो बहुधा माहिती मागविण्यापुरता, किंवा चूक सांपडली म्हणजे नोटिशीपुरता. ज्यानें एकदांही त्याचा पाठ पाहिला नाहीं, तोच तीन वर्षांनीं ‘काम समाधानकारक’ असा शेरा देतो. हा शेरा कामाचा म्हणावा कीं मुकाट्यानें राहण्याचा?

खाजगी संस्थांच्या शाळांत याहून निराळा कांच आहे. तेथील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठीं १९७७ चा कायदा आहे, १९८१ चे नियम आहेत. बडतर्फ झालेल्यास ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. परंतु त्याच कायद्यानें परिवीक्षेंतील माणसाचें काम किंवा वर्तन समाधानकारक नाहीं असें व्यवस्थापनास वाटल्यास एक महिन्याची सूचना किंवा तितकें वेतन देऊन त्यास घालवितां येतें. ‘वाटणें’ या एका शब्दावर ज्याची भाकरी टांगली आहे, तो संस्थाचालकाच्या घरच्या लग्नांत पाहुण्यांस पाणी वाढावयास नाहीं कसें म्हणणार? विनाअनुदानित शाळांत तर ‘अनुदान आलें कीं देऊं’ या आशेवर तारुण्य खर्ची पडलेले शिक्षक आम्हीं पाहिले आहेत. २००१ च्या धोरणांतील ‘कायम विनाअनुदानित’ यांतला ‘कायम’ हा शब्द २००९ सालीं काढण्यांत आला. परंतु शब्द गेला तरी पगार सुरू व्हावयास पुढें अनेक वर्षें लागलीं, आणि मुंबईच्या आझाद मैदानावर शिक्षकांस पावसांत बसावें लागलें. नेमणुकींतला पैशाचा व्यवहार थांबावा म्हणून २०१७ सालीं ‘पवित्र’ प्रणाली काढण्यांत आली. प्रणालीला पवित्र असें नांव द्यावें लागलें, यांतच पूर्वींचा व्यवहार कसा होता याची कबुली आहे.

आतां या प्रश्नाचा जो भाग आम्हांस सर्वांत जास्त अस्वस्थ करितो तो सांगतों. अन्याय हें पाण्यासारखें असतें. तें वरून खालीं वाहतें. अधिकारी मुख्याध्यापकांस दरडावतो, मुख्याध्यापक नव्या शिक्षकास दरडावतो. आणि नव्या शिक्षकाच्या खालीं कोण आहे? त्याच्या खालीं चौथ्या इयत्तेंतलें मूल आहे. त्याच्याखालीं कोणी नाहीं. दिवसभर ज्याचा अपमान झाला त्याच्या हातीं आपण चाळीस मुलें देतों, आणि त्यानें तीं प्रेमानें वाढवावींत अशी अपेक्षा करितों. कांहीं थोर मनाची माणसें तसें करितातही. परंतु सर्वसाधारण माणूस अपमान गिळतो आणि कोठेंतरी तो ओकतो. मुलगा घरीं येऊन ‘उद्यां शाळेंत जात नाहीं’ असें म्हणतो, तेव्हां त्याचें मूळ वर्गांत नसून तालुक्याच्या कचेरींत असूं शकतें, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. शिक्षकाचा मान हा शिक्षकाच्या सुखाचा प्रश्न आहे त्याहून अधिक आपल्या मुलांच्या निर्भयतेचा प्रश्न आहे.

या जिल्ह्यानें तरी ही गोष्ट विसरूं नये. कारण महाराष्ट्राच्या सर्वांत प्रसिद्ध ‘नव्या शिक्षिके’चा संबंध याच नगरशीं आहे. जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढण्याचें मनांत घेतलें, तें अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फेरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून. सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे घेतले तेही येथेंच, मिस फेरार यांच्याकडे, आणि पुढें पुण्यास मिस मिचेल यांच्याकडे, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ सालीं पुण्याच्या भिडेवाड्यांत त्या शिकवूं लागल्या, तेव्हां त्यांचें वय सतरा वर्षांचें होतें. वाटेंत अंगावर चिखल व शेण पडे, म्हणून शाळेंत बदलण्यास दुसरें लुगडें त्या बरोबर नेत, ही गोष्ट आज प्रत्येक शाळेंत ३ जानेवारीस सांगितली जाते.

परंतु ती सांगण्याची आपली रीत चुकीची आहे असें आम्हांस वाटतें. आपण सोसण्याचें कौतुक करितों आणि नव्या शिक्षिकेस म्हणतों, ‘पाहा, त्यांनीं किती सोसलें, तुम्ही एवढ्यानें रडतां?’ सावित्रीबाई टिकल्या त्या केवळ सोसण्याच्या बळावर नव्हे. त्यांस आधीं नीट शिकविलें गेलें होतें. १८४९ मध्यें घर सोडावें लागलें तरी पति पाठीशीं उभा राहिला. मित्रांनीं शाळांस पैसा व जागा मिळवून दिली. १८५२ सालीं सरकारनें जाहीर समारंभांत या दांपत्याच्या कार्याचा गौरव केला. म्हणजे शिक्षण, सोबत, साधनें आणि मान हे चारही आधार त्यांस थोडेफार तरी मिळाले. ज्यांनीं शेण फेंकलें ते आज कोणास ठाऊक नाहींत. जे पाठीशीं राहिले त्यांच्यामुळें शाळा चालली. आजच्या नव्या शिक्षिकेस आपण दुसऱ्या लुगड्याचा उपदेश करितों आणि चार आधारांपैकीं एकही देत नाहीं!

जोतीरावांनीं स्वतः हा प्रश्न किती खोल पाहिला होता, तें १८८२ च्या हंटर आयोगापुढील त्यांच्या निवेदनावरून दिसतें. प्राथमिक शाळेंतला शिक्षक शिकून तयार झालेला असावा, त्यास महिना १२ रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गांवीं तो १५ किंवा २० असावा, असें त्यांचें मागणें होतें. गांवच्या कारभारांतलीं हिशेब-तपासणीसारखीं कामें त्यास दिल्यास गांवांत त्याचें वजन वाढेल, असेंही त्यांनीं सुचविलें होतें. दैवाचा विनोद पाहा: शिक्षकाचें वजन वाढावें म्हणून सुचविलेलीं जादा कामें त्यास मिळालीं, परंतु वजन मिळालें नाहीं, तो शाळेंतला बिनपगारी कारकून झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकास अशैक्षणिक काम देतां येत नाहीं. आणि २०२४ सालीं शासनानें कोणतें काम शैक्षणिक व कोणतें अशैक्षणिक याची वर्गवारीही केली. कायदा आहे, तो नव्या शिक्षकानें दाखवावा कोणास, आणि दाखविल्यावर त्याच्या ‘समाधानकारक’ शेऱ्याचें काय व्हावें, एवढेंच ठरावयाचें आहे.

या आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, कीं ‘आम्हीही हेंच सोसलें.’ खरें आहे. परंतु सासूनें सोसलें म्हणून सुनेस छळावें, या न्यायास आपण घरांत आतां लाजतों, तो शाळेंत कां चालवावा? दुसरा आक्षेप असा, कीं शिक्षक मोठे पगार घेतात आणि काम करीत नाहींत. असे शिक्षक आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ते आभाळांतून पडत नाहींत. तीन वर्षें ज्यास शिकविण्याचें सोडून बाकी सर्व करावयास लाविलें, आणि मुकाट्यानें राहणें हाच ज्याच्या बढतीचा मार्ग झाला, तो कायम झाल्यावर काय शिकलेला असतो? तो एवढेंच शिकलेला असतो, कीं वर्गाकडे कोणी पाहत नाहीं, कागदाकडे पाहतात. आळशी जुना शिक्षक हा बहुधा पूर्वींचा उत्साही नवा शिक्षकच असतो.

तिसरा आक्षेप असा, कीं नव्या माणसाची परीक्षा पाहिल्याशिवाय त्यास कायम कसा करावा? हा आक्षेप रास्त आहे, आणि परीक्षा असूं नये असें आम्ही म्हणतच नाहीं. परंतु आमच्या व्यापारी वाचकांनीं आपल्याच पेढीचें उदाहरण घ्यावें. नवा गुमास्ता ठेविला म्हणजे शहाणा मालक त्यास आरंभीं जुन्या मुनिमाच्या शेजारीं बसवितो. रोजमेळ कसा लिहावा, गिऱ्हाइकाशीं कसें बोलावें, उधारी कोणास द्यावी व कोणास देऊं नये हें दाखवितो. चूक झाली तर गिऱ्हाइकादेखत न बोलतां दुकान बंद झाल्यावर सांगतो. जो मालक नव्या गुमास्त्याच्या हातीं पहिल्याच दिवशीं दहा वर्षांची बुडीत उधारी देतो, खातेवही कोठें आहे तेंही सांगत नाहीं, आणि महिनाअखेर वसुली झाली नाहीं म्हणून पगार कापतो, त्याच्या पेढीस दिवाळें निघावयास किती दिवस लागतील? शाळा ही आपल्या सर्वांची पेढी आहे, आणि तिच्यांतलें भांडवल म्हणजे आपलीं मुलें.

इतर देशांनीं हा विचार केला आहे. जपानमध्यें १९८८ सालच्या कायद्यानें प्रत्येक नव्या शिक्षकास पहिलें वर्षभर मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखालीं प्रशिक्षण देण्याची पद्धति सुरू झाली. इंग्लंडांत २०२१ पासून नव्या शिक्षकाचीं पहिलीं दोन वर्षें शिकण्याचीं मानण्यांत येतात. पहिल्या वर्षीं त्याच्या तासांपैकीं शेंकडा १० आणि दुसऱ्या वर्षीं शेंकडा ५ तास कमी करून तो वेळ तयारीस देतात, आणि त्यास एक अनुभवी मार्गदर्शक नेमून देतात. तेथें सर्व कांहीं गोड आहे असें नाहीं. तेथेंही शिक्षक नोकरी सोडून जातात. परंतु नव्या माणसास वेळ आणि सोबती यांची गरज असते, एवढें तरी त्या राज्यांनीं कायद्यांत मान्य केलें. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकास दरवर्षीं ५० तासांचें व्यावसायिक प्रशिक्षण मिळावें असें म्हटलें आहे. तें प्रशिक्षण मोबाइलच्या पडद्यावर चित्रफीत फिरवून पूर्ण झाल्याचें प्रमाणपत्र मिळविण्यांत संपूं नये, एवढी दक्षता घेतली पाहिजे.

मग करावें काय? शासनाकडे आमचीं मागणीं मोजकीं आहेत. परिवीक्षा ठेवावी, परंतु सेवक हें नांव आणि अपुरें मानधन काढून टाकावें. जो शिक्षकाचें काम करितो त्यास शिक्षक म्हणावें व शिक्षकाचें वेतन द्यावें. परिवीक्षेचा शेरा हा पाहिलेल्या पाठांवर आधारलेला असावा, आणि प्रत्येक पाठानंतर काय चांगलें व काय सुधारावें हें त्यास लेखी मिळावें. केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या राहूं देऊं नयेत, आणि त्यांचे महिन्यांतले कांहीं दिवस केवळ नव्या शिक्षकांच्या वर्गांत बसण्यासाठीं राखावेत. यास फार मोठा खर्च लागतो असें नाहीं, नियत लागते.

मुख्याध्यापकांस आमची विनंति आहे, कीं जूनमध्यें वर्ग वांटतांना सर्वांत अवघड वर्ग सर्वांत अनुभवी हातांत द्यावा. ज्येष्ठतेचा मान हा सोपें काम निवडण्याचा हक्क नव्हे. अवघड काम अंगावर घेण्याची ती जबाबदारी आहे. कारकुनीचें काम सर्वांत सारखें वांटावें. पालक तावातावानें आला तर नव्या शिक्षकास पुढें न ढकलतां आपण पुढें व्हावें. त्याची चूक असल्यास ती मागाहून, दार लोटून, एकांतांत सांगावी.

नव्या शिक्षकांसही दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. अन्याय निमूट सोसूं नये, आणि आततायीपणाही करूं नये. रोज काय काम दिलें गेलें याची तारीखवार टिपणवही ठेवावी. तोंडी हुकूम अयोग्य वाटल्यास नम्रपणें लेखी मागावा. अर्ज दिल्यास पोच घ्यावी. खाजगी संस्थेंत नोकरीवरून काढल्यास तीस दिवसांची मुदत चुकवूं नये. शाळेंत नाहीं तर शेजारच्या शाळेंत, पण एक तरी ज्येष्ठ सोबती शोधावा. महाराष्ट्रांत अशीं उदार माणसें अजून संपलेलीं नाहींत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वरून आलेला अपमान आपल्यापाशीं थांबवावा. तो मुलांपर्यंत जाऊं दिला नाहीं, तर आपण हरलों असें कोणास म्हणतां येणार नाहीं. तीन वर्षांनीं आपल्या मागून दुसरा कोणी नवा येईल, तेव्हां त्यास कोणता वर्ग देतों, यावरून आपली खरी परीक्षा होईल.

राहिले गांवकरी व व्यापारी. त्यांनीं असें समजूं नये कीं हा शिक्षक व सरकार यांचा आपसांतला तंटा आहे. शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत, आणि समितींत निम्म्या स्त्रिया असाव्यात असें म्हटलें आहे. ही समिति सह्या करण्यासाठीं नाहीं. परगांवाहून आलेल्या बाईंस जात न विचारतां खोली मिळवून देणें हें काम गांवानें करावयाचें नाहीं तर कोणीं? शाळेच्या भिंती रंगविण्यास वर्गणी देणारे दानशूर आमच्या पेठेंत पुष्कळ आहेत. भिंतीवर देणगीदाराचें नांव लागतें. नव्या शिक्षकास दिलेल्या आधारावर कोणाचें नांव लागत नाहीं. तें दान म्हणूनच अधिक मोलाचें.

‘असेंच चालत आलें आहे’ असें म्हणणारांस शिंगणापुराचीच एक आठवण देऊन आम्ही हा लेख आवरतों. चौथऱ्यावर स्त्रियांनीं चढूं नये ही रीत तेथें शतकानुशतकांची म्हणून सांगितली जाई. नोव्हेंबर २०१५ मध्यें एक स्त्री वर चढली तेव्हां चौथरा धुवून शुद्ध करण्यांत आला. पुढें आंदोलन झालें, मुंबई उच्च न्यायालयानें समान प्रवेशाच्या बाजूनें आदेश दिला, आणि ८ एप्रिल २०१६ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, चौथरा स्त्रियांस खुला झाला. आभाळ कोसळलें नाहीं. गांवावर कोप झाला नाहीं. जी रीत अढळ वाटत होती, ती चार महिन्यांत बदलली. मग अवघ्या २००० सालीं सुरू झालेली ही तीन वर्षांची साडेसाती तेवढी अढळ कशी?

येत्या जूनमध्यें शाळा उघडतील. त्या आठवड्यांत प्रत्येक पालकानें आपल्या मुलाच्या शाळेंत एकदां जावें, आणि मुख्याध्यापकांस दोनच प्रश्न विचारावेत: यंदा आलेल्या नव्या बाईंस किंवा गुरुजींस कोणता वर्ग दिला आहे, आणि अडचण आल्यास त्यांनीं कोणाकडे जावयाचें आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर लागलीच मिळेल. दुसऱ्याचें मिळालें नाहीं, तर तें मिळेपर्यंत तेथून हलूं नये.